होशेयबुवाची फलश्रुती

इसम नामे उकंडराव वल्द तुळशीराम, जात कुणबी, वय अंदाजे बावन्न, राहणार मौजे सावरखेडी, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. धंदा शेती. उंची मध्यम, बांधा सडपातळ, वर्ण सावळा. ओळखीची खूण: उजवा गुडघा अधू, बैलाने मारल्यामुळे. सदर इसम मारुतीच्या देवळात परधर्माची पोथी वाचून लोकांस भ्रष्ट करतो अशी निनावी तक्रार आल्यावरून जागेवर जाऊन चौकशी केली. सदर इसम पोथी वाचत नाही. वाचणारा दुसरा आहे. सदर इसम फक्त अर्थ सांगतो. सदर इसमाने धर्म बदललेला नाही व बदलण्याचा इरादाही दिसत नाही. घरात देव्हारा आहे. शेंडी नाही, परंतु ती पूर्वीही नव्हती असे शेजारी सांगतात. सदर पोथीचा सदर इसमावर अगर गावावर कोणताही परिणाम झाल्याचे आढळून आले नाही. सबब प्रकरण दप्तरी दाखल करावे.

उकंडरावांविषयी सरकारला एवढंच ठाऊक आहे, आणि त्यातली बहुतेक वाक्यं खरी आहेत.

सावरखेडी हे शिरपूरच्या अलीकडचं गाव. जैनांच्या देवळाला जाणाऱ्या यात्रेकरूंची मोटार गावाच्या फाट्यावरून जाते, थांबत नाही. गावाला त्याचं वाईट वाटत नाही, कारण गावाला स्वतःचा मारुती आहे. मारुतीच्या देवळात चातुर्मासात आणि अधिक महिन्यात पोथी लागते. पोथीची रीत अशी की वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा. वाचणाऱ्याला अक्षरं ओळखता यावी लागतात, अर्थ सांगणाऱ्याला माणसं. वाचायला शालिग्राम शिंपी होता. तो पोथी ठाणातून कापड फाडावं तशी वाचायचा, आणि वाक्य कुठं संपायचं ते त्याच्या दमावर अवलंबून असे. अर्थ उकंडराव सांगत.

उकंडरावांच्या अर्थाला मोठा मान होता. तो कुणालाही झोंबत नसे. पोथीत राजा अन्यायी निघाला तर तो सत्ययुगातला. सावकार लोभी निघाला तर तो काशीकडचा. आणि यांपैकी काहीच जमलं नाही तर हे सगळं मनुष्याच्या आत घडतं असं सांगून ते मोकळे होत. ऐकणारा हलका होऊन घरी जाई. भांडणातही त्यांची हीच तऱ्हा. दोन भाऊ वाटणीवरून आले की पहिल्याचं ऐकून ते म्हणत, "तुहं बराबर हाये." दुसऱ्याचं ऐकून म्हणत, "तुहंही चुकत नाई." अशा माणसाला आमच्याकडे समजदार म्हणतात आणि पंच करतात. उकंडराव पंच होते. त्यांची बायको सोजरबाई मात्र त्यांना समजदार म्हणत नसे. ती काही म्हणतच नसे, भाकरी वाढायची.

एकोणीसशे पंचावन्न साली भाद्रपद अधिक आला. पोथी लागली, आणि महिना निम्मा होतो न होतो तोच शालिग्रामच्या बोटाला पुढचं पान लागेना. कोनाड्यात ठेवलेल्या पोथीचा उत्तरार्ध वाळवीनं खाऊन टाकला होता. वाळवीचं पारायण आधीच झालं होतं, उद्यापनासकट. आता प्रश्न असा की अधिक महिन्यात लागलेल्या पोथीत खंड पडू द्यायचा नसतो. खंड पडला तर गावावर काहीतरी येतं. काय येतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण खंड कुणी पडूच दिला नव्हता. कारंज्याहून दुसरी पोथी आणायची तर मधे दोन नद्या, आणि दोन्हींना पूर.

तेव्हा उकंडराव म्हणाले, "माह्यापाशी एक पोथी हाये."

ती त्यांच्यापाशी कशी आली ते सांगायला हवं. आदल्या वर्षी सोजरबाईच्या डोळ्यासाठी ते वाशीमला मिशनच्या एका दवाखान्यात बाकावर बसून होते. तिथल्या कंपाउंडरनं त्यांच्या हाती एक पुस्तक दिलं. म्हणाला, "हे येशूचं नाही. त्याच्या कितीतरी आधी यहुदी लोकांत जे ऋषी होऊन गेले, त्यांची वचनं आहेत. फुकट आहे." उकंडरावांनी शेवटच्या दोन शब्दांवर पुस्तक घेतलं होतं.

पोलीस पाटील बबनराव देवळात भिंतीला टेकून बसत. त्यांनी सरकारी पद्धतीनं तपास केला.

"देव हाये का तिच्यात?"

"हाये. एकच हाये, पन लय तापट हाये."

"ऋषी?"

"पुष्कळ हायेत."

"शाप?"

"पानोपानी."

"मंग होऊ द्या," बबनराव म्हणाले. "अजून काय पायजे पोथीले?"

पुस्तकात पहिलाच ऋषी होशेय नावाचा होता. त्याचे अध्याय आणि महिन्याचे उरलेले दिवस सारखेच भरले. याहून मोठा पुरावा गावाला लागत नाही. फुलं वाहिली, कापूर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून होशेयबुवा सुरू झाले.

पहिल्याच दिवशी अडचण आली. देवानं होशेयबुवाला आज्ञा केली की बाहेरख्याली बाईशी लग्न कर. शालिग्रामनं दम संपलेला नसताना वाचणं थांबवलं.

"देवानंच सांगतलं असं?" बबनरावांनी विचारलं.

"देवानंच."

"अन् ह्यानं केलं?"

"केलं. तीन लेकरं झाली."

बायकांच्या बाजूनं बेबीबाई म्हणाली, "मंग त्यात काय नवल हाये बाप्पा. आमच्या मायबापानं तं बिनआज्ञेचंच पाहून देल्लं आमाले." देऊळ हसलं. उकंडरावांनी अर्थ सांगितला: ऋषी म्हणजे देव आणि बायको म्हणजे ती प्रजा. ती पळून जाते, आणि हा तिला परत आणतो. बायकांना हा देव आवडला. रागावतो, शिव्या देतो, आणि मग स्वतःच घ्यायला येतो. असा नवरा एकीच्याही वाट्याला आलेला नव्हता.

दिवस जात गेले. खोटं तागडं धरणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यांना कारंज्याच्या बाजारातला आपापला अडत्या आठवला. मला होम-नैवेद्य नको, दया पायजे, असं देव म्हणाला तेव्हा मारुतीच्या पुजाऱ्यानं घंटा वाजवली. वारा पेरणाऱ्याला वावटळ कापावी लागते, हे तर शेतकऱ्यांना शिकवावं लागलंच नाही. आणि एका दिवशी होशेयबुवानं म्हटलं की माही प्रजा म्हणजे तव्यावर न उलटवलेली भाकर हाये.

देवळात पहिल्यांदाच सोजरबाई बोलली. "म्हनजे एका अंगानं करपेल अन् दुसऱ्या अंगानं कच्ची. खाताबी येत नाई, फेकताबी येत नाई." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "ह्याचा अर्थ सांगाची गरज नाई. आमच्या घरीच हाये एक."

उकंडराव बायकोच्या बोलण्यावर हसले. त्यांचं ते कामच होतं.

पण याच दिवसांत एक ओळ आली. शालिग्रामनं ती सवयीनं फाडली आणि फाडल्यावर त्याच्या लक्षात आलं. ओळ अशी की, या लोकांचे पुढारी धुरा सारणाऱ्यांसारखे झाले आहेत, त्यांच्यावर मी माझा कोप पाण्यासारखा ओतीन.

देवळात सगळे आपापल्या गुडघ्यांकडे पाहू लागले.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्या वर्षी पारायणाचा गूळ-खोबऱ्याचा प्रसाद इंद्रभानांकडून होता. इंद्रभान गावातले मोठे शेतकरी. माणूस वाईट नव्हे. कुणाच्या लग्नाला गाडी देत, कुणाच्या मयताला लाकडं. त्यांचं तांड्याकडचं शेत आणि लखमा बंजाऱ्याचं शेत एका धुऱ्याला लागून होतं. लखमा वारला, शेत त्याची बायको धनीबाई हिच्याकडं आलं, आणि त्यानंतर दरसाल वखरणीच्या वेळी इंद्रभानांचे बैल धुऱ्यात एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, आत घुसू लागले. एकच तास. दुसऱ्या वर्षी दुसरा. धुरा हळूहळू तांड्याच्या दिशेनं चालत होता. बाभळीच्या झाडाखालचा हद्दीचा दगड निखळून विहिरीच्या काठावर आला होता आणि त्यावर आता इंद्रभानांच्या सुना धुणं धूत.

त्या सुनांपैकी थोरली विजयमाला ही उकंडरावांची लेक. गावातच दिली होती, डोळ्यासमोर राहील म्हणून.

उकंडरावांनी खाकरून अर्थ सांगितला. "इथं धुरा म्हनजे शेताचा धुरा नाई. मनाचा धुरा. इंद्रियाईनं मर्यादा सोडू नये, हा अर्थ."

प्रसाद वाटायला इंद्रभान उठले. त्यांनी मोठा श्वास सोडला. तेवढ्यात देवळाच्या पायरीवरून आवाज आला. धनीबाई गावात सरपणाची मोळी विकून तांड्याकडं परतताना पायरीवर टेकत असे.

"मनाचा धुरा कोन सारते, भाऊ? मनाले बैल जुपता येते का?"

तिनं हे भांडायच्या सुरात म्हटलं नाही. खरंच विचारल्यासारखं विचारलं. उकंडराव म्हणाले, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी दुसरा अध्याय होता.

शेवटच्या दिवशी फलश्रुती आली. आमच्या पोथ्यांच्या शेवटी फळ लिहिलेलं असतं: वाचील त्याला पुत्र, ऐकील त्याला धान्य, घरात ठेवील त्याच्या घरी रोग नाही. होशेयबुवाचं शेवटचं वाक्य शालिग्रामनं एका दमात वाचलं. जो शहाणा असेल त्याला हे समजेल. देवाचे रस्ते सरळ आहेत. नीतीनं वागणारे त्यांवरून चालतील, आणि अधर्मी त्याच रस्त्यांवर अडखळून पडतील.

लोक थांबले. शालिग्रामनं पान उलटलं. पुढं दुसरा ऋषी होता.

"संपलं?" बबनरावांनी विचारलं.

"संपलं."

"पुत्र-पौत्र?"

"काई नाई. रस्ता दाखोला अन् गेला."

उकंडरावांनी अर्थ सांगितला: चांगला असते तो चालते, वाईट असते तो पडते. त्या रात्री सगळं गाव देवळातून घरापर्यंत न पडता चालत गेलं, आणि फलश्रुतीबद्दल कुणाचीही तक्रार राहिली नाही.

एक उकंडराव सोडून. त्यांना एक गोष्ट टोचत राहिली. इतर पोथ्यांत पुण्यवानाचा रस्ता वेगळा आणि पाप्याचा वेगळा. एक वैकुंठाला, एक यमपुरीला. आपला कोणता ते मेल्यावर कळतं, म्हणजे तोवर चिंता नाही. या ऋषीनं रस्ता एकच ठेवला होता. भल्याचाही तोच आणि बुऱ्याचाही तोच. दोन्ही बाजूंनी अर्थ काढायला त्यात जागाच नव्हती. ते पेरणीचं बी पाखडणाऱ्या सोजरबाईला म्हणाले, "रस्ता एकच हाये म्हनते थो."

"मंग?"

"मंग पडनारा पडते काहून?"

"त्याले कुठं जाचं ते मालूम असते, अन् जाचं नसते. पाय आडवे येते मंग." तिनं सूप आपटलं. "सरका तिकडं. भुसा डोयात जाईन."

पुढल्या साली वैशाखात धनीबाई पंचांकडं आली. आपली बाजू तिनं थोडक्यात सांगितली: लखमा होता तेव्हा बाभूळ धुऱ्यावर होती, आता बाभूळ इंद्रभानच्या वावरात आहे, आणि झाडाला पाय नसतात. इंद्रभान म्हणाले की बाभूळ पहिल्यापासून त्यांचीच. सोबत धनीबाईचा दीर गुलाबसिंग आला होता. तो म्हणाला, "कोर्टात जाऊ आमी." सगळ्यांना माहीत होतं की तो जाणार नाही, वाशीमच्या कोर्टातून म्हातारपणाआधी परत आलेला माणूस गावानं पाहिलेला नव्हता.

बबनरावांनी जुनी रीत काढली. आमच्या भागात धुऱ्याचा वाद फिटला नाही तर दोन्ही बाजूंना मान्य असा माणूस धुरा चालतो. त्यानं अंघोळ करायची, ओलेत्यानं, अनवाणी, वादातल्या शेतातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि त्याच्या माहितीत जिथं खरा धुरा होता तिथून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. तो चालेल ती हद्द. खोटं चालला तर वर्षाच्या आत त्याच्या रक्ताच्या माणसावर येतं. आणि चालताना अडखळला, ढेकूळ पडलं, तर तो खोटा.

"कोन चालन?" बबनरावांनी विचारलं.

इंद्रभान लगेच म्हणाले, "उकंडराव चालतीन. समजदार मानूस हाये."

धनीबाईनं उकंडरावांकडं पाहिलं. तिला दुसरं नाव सुचलं नसावं. लखमानं दगड रोवला तेव्हा पलीकडून दगडाला हात लावणारे उकंडरावच होते. "चालू द्या," ती म्हणाली.

संध्याकाळी इंद्रभान आपल्या व्याह्याच्या, उकंडरावांच्या ओट्यावर आले. तंबाखू मळली, अर्धी उकंडरावांना दिली.

"इवाई, उद्या तुमी चालजा. लोकाईले काय, तमाशा पायजे."

"हो."

"आपल्या घरची गोष्ट हाये. माही थोरली सून पोटुशी हाये. तुमची लेक म्हना का माही सून म्हना, एकच. तिच्या जिवाले घोर नाई पायजे या दिवसात."

"नाई पायजे."

"तुमी समजदार हा," इंद्रभान म्हणाले आणि उठले. त्यांनी धमकी दिली नव्हती. त्यांच्या घरात कुणाच्या माहेरच्यांनी नाक कापलं तर त्या सुनेला माहेरी धाडून द्यायची रीत होती, आणि रीत सांगावी लागत नाही. त्यांच्या धाकट्या भावजयीला अशी धाडून सात वर्षं झाली होती.

उकंडरावांपुढं हिशेब सरळ होता. खरं चाललं तर लेकीचा संसार मोडतो. खोटं चाललं तर रीतीप्रमाणं रक्तावर येतं, आणि त्यांचं रक्त म्हणजे तीच लेक, तिच्या पोटातल्यासकट. आयुष्यभर दोन्ही बाजूंनी अर्थ काढत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी तोच अर्थ निघत होता.

सकाळी अंघोळीला ते इंद्रभानांच्याच विहिरीवर गेले. शेताजवळ तीच होती. विजयमाला धुणं धूत होती. ती उठून उभी राहिली.

"बा, तुमी काय चालनार हा ते मले नका सांगू."

"नाई सांगत."

"धाडलं तं मी येईन. मायले सांगा, माही बाज ओसरीत नका टाकू, तिथं पानी गयते." मग ती पुन्हा धुवायला बसली. ज्या दगडावर ती धुणं आपटत होती तो कुठला दगड आहे हे दोघांनाही माहीत होतं.

अर्ध्याहून जास्त गाव शेतात आलं होतं. उकंडरावांचं ओलं धोतर अंगाला चिकटलं होतं. बबनरावांनी वादातल्या पट्टीतलं ढेकूळ उचलून त्यांच्या डोक्यावर फडक्याच्या चुंबळीत ठेवलं. वखरून ठेवलेलं काळं रान, ढेकळं पायाला दगडासारखी लागत होती. इंद्रभान आताच्या धुऱ्याच्या टोकाशी, वाट मोकळी सोडून उभे होते, जसं लग्नात व्याह्याला पुढं घालतात.

उकंडराव धुऱ्याच्या टोकाशी आले. तिथं पाऊलवाट होती, गवतानं मऊ झालेली. ते थांबले. मग वळले आणि इंद्रभानांच्या वावरात उतरले. बाभळीच्या बुंध्याला हात लावला आणि तिथून सरळ चालायला लागले.

इंद्रभानांचा धाकटा भाऊ म्हणाला, "अबे, हे कुठं चालले?"

अर्धं अंतर झालं असेल. एक मोठं ढेकूळ पायाखाली फुटलं, अधू गुडघा वळला आणि उकंडराव तासात पडले. डोक्यावरचं ढेकूळ पुढं जाऊन फुटलं.

"पडला," इंद्रभानांचा भाऊ म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडायची गरज उरली नव्हती.

गुलाबसिंगनं मान फिरवली. धनीबाई उभी होती ती खाली बसली. शालिग्राम शिंप्याला काय सुचलं कोण जाणे, तो पोथी वाचायच्या आवाजात म्हणाला, "नीतीनं वागनारे चालतीन अन् अधर्मी त्याच रस्त्यावर पडतीन. तुमीच अर्थ सांगतला होता, उकंडराव."

"सांगतला होता," उकंडराव म्हणाले. ते अजून तासातच बसलेले होते आणि गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. "बराबरच हाये. मी पडलो, म्हनजे अधर्मी मी. लखमा मेला तवापासून मी हा धुरा सरकताना पाहून राह्यलो. दरसाल पाह्यला. कधी बोललो नाई. देवळात इचारलं तं मनाचा धुरा म्हनलो. मी नाई पडनार तं कोन पडन?"

"मंग झालं तं," बबनराव सुटल्यासारखे म्हणाले. "चालनारा खोटा."

"चालनारा खोटा. रस्ता नाई." उकंडरावांनी बाजूचं एक ढेकूळ उचललं. "पोथीत असं लिहेल नाई का पडनारा पडला म्हनजे रस्ता वाकडा झाला. रस्ता सरळच हाये म्हनते. शहाना असन त्याले समजन म्हनते. मले हे आता समजलं, इथं बसल्यावर. देवळात नव्हतं समजलं."

ते उठले. ढेकूळ डोक्यावर ठेवलं, आणि लंगडत शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. तेवढा वेळ सगळं गाव उभं होतं. रीत मोडली होती, पण पुढं काय करायचं हे रीतीत नव्हतं, त्यामुळं कुणाला मधे पडता येईना. टोकाशी पोचून त्यांनी ढेकूळ खाली ठेवलं आणि तिथून हाक मारली.

"इवाई, मी पडलो. माहं चालनं धरू नका. आता तुमी चाला. तुमचा धुरा तुमी चाला, मऊ वाटेनं. नाई पडले तं तुमचं खरं. मी मानीन."

इंद्रभान पुढं आले. बबनरावांनी त्यांच्या डोक्यावर ढेकूळ ठेवलं. धुरा समोर होता, गवताचा, सपाट. डोळे मिटून चालता आलं असतं. त्यांचे दोन्ही गुडघे शाबूत होते. ते उभे राहिले. विहिरीवरून धुणं आपटल्याचा आवाज येत होता. वर्षाच्या आत रक्तावर येतं, आणि त्यांच्या घरात त्या वर्षी येऊ घातलेलं रक्त एकच होतं.

ढेकूळ डोक्यावरून काढून त्यांनी हातात घेतलं, मग खाली ठेवलं. "माह्या पायाले काटा लागला हाये," ते म्हणाले. ते गावाकडं चालू लागले. काटा लागल्यासारखे चालत नव्हते.

बबनरावांनी निकाल दिला: चालणारा पडला म्हणून त्याचं धरायचं नाही, पण दुसरा चाललाच नाही, म्हणून पहिल्याचं धरावं लागतं. एवढं कायदेशीर बोलणं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि नंतरही केलं नाही. बाभळीखाली नवा दगड रोवला. जुना मागायला कुणी गेलं नाही.

आषाढात विजयमाला माहेरी आली. सोबत पेटी होती, आणि जावई फाट्यापर्यंत येऊन परत गेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे, आणि तिला सातवा लागला होता. त्यामुळं तिला बाळंतपणाला आणलं की हाकलून दिलं, हे गावाला ठरवता येईना; दोन्हीचा महिना एकच पडला होता. बेबीबाई रोज काहीतरी मागायच्या निमित्तानं यायची आणि पेटीच्या आकाराकडं पाहून जायची. सोजरबाईनं बाज मधल्या घरात टाकली. उकंडराव गुडघ्याला एरंडाची पानं बांधून ओसरीत बसत. त्यांना कुणी अर्थ विचारायला येत नव्हतं. त्या चातुर्मासात पोथी लागली ती नुसती वाचली गेली, अर्थ सांगायला कुणी बसलं नाही, आणि गावाला ती पहिल्यापेक्षा लांबलचक वाटली.

एका दुपारी उकंडराव बायकोला म्हणाले, "घेऊन नाई गेले तं?"

"तं राहीन," सोजरबाई म्हणाली. "आपल्या घरी दोन भाकरी होते. तिसरी टाकीन." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अन् उलटवीन."

याच दिवसांत इंद्रभानांच्या रागानं लिखित रूप घेतलं. ती निनावी तक्रार त्यांनी केली. त्यांना लिहिता येत नसल्यानं ती शालिग्रामकडून लिहून घेतली. सदर इसम परधर्माची पोथी वाचतो असं तिच्यात होतं. खरा वाचणारा कोण याचा उल्लेख नव्हता, कारण लिहिणारा तोच होता. तक्रार नागपूरच्या सरकारकडं गेली.

भाद्रपदात विजयमालाला मुलगी झाली. निरोप गेला. इंद्रभानांच्या घरून पाचव्या दिवशी कुणी आलं नाही. सोजरबाईनं त्या घराचं नाव काढलं नाही, आणि विजयमालानं दाराकडं पाहणं सोडून दिलं. बाराव्या दिवशी बारशाच्या बायका जमल्या, पाळणा बांधला, आणि अंगणात गाडी थांबली. गाडीतून जावई उतरला आणि त्याच्या मागून इंद्रभान. ते उकंडरावांशी बोलले नाहीत. पाळण्यापाशी गेले, पोरीच्या हातांची बोटं सोडवून पाहिली, पायांची पाहिली. सगळी जागच्या जागी होती. रक्तावर काही आलं नव्हतं. मग सोजरबाईला विचारलं, "कवा धाडता?"

"सव्वा महिना झाल्यावर."

"गाडी धाडीन." जेवायला बसले तेव्हा ते उकंडरावांच्या पंगतीतच, पण दोन पानं सोडून बसले. भाजी संपल्यावर त्यांनी समोर पाहत म्हटलं, "इवायाले वाढा. त्याईच्या पानात काई नाई."

सव्वा महिन्यानं गाडी आली आणि विजयमाला सासरी गेली. तक्रार तेवढी परत आणता आली नाही, कारण ती सरकारात पोचली होती. दिवाळीनंतर एक साहेब चौकशीला आले. मधल्या काळात वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं होतं, त्यामुळं ज्या सरकारकडं तक्रार केली ते गावाचं राहिलेलं नव्हतं. पण कागद गावाचाच होता. साहेब इंद्रभानांच्या माडीवर चहाला बसले. त्यांनी विचारलं, हा उकंडराव कसा माणूस आहे?

इंद्रभानांनी साहेबांच्या कपात आणखी चहा ओतला. "माहा इवाई हाये," ते म्हणाले. "त्याच्यापासून काईच तरास नाई कोनाले."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि संध्याकाळच्या मोटारीनं वाशीमला गेले. धनीबाईनं त्या साली बाभळीपासूनच्या पट्टीत तूर पेरली होती. ती फुलावर होती.